दोऱ्यात बसलेलं पान

अक्षरजुळणी कार्यालयातून कुठलंही पान बाहेर पडण्याआधी त्याच्यावर दोरा धरला जाई. मालक, ज्यांना सगळेच काका म्हणत, टेबलाच्या खणातून काळ्या दोऱ्याचं रीळ काढत, छापलेल्या पानावर दोरा उभा ताणत आणि एक डोळा मिटून बघत. गणिताच्या ओळी एकाखाली एक असल्या की प्रत्येक ओळीतलं बरोबरचं चिन्ह त्या दोऱ्याखाली यायला हवं. आलं, की काका म्हणत, "दोऱ्यात आहे." त्यांच्या तोंडून याहून मोठी शाबासकी कोणी ऐकली नव्हती.

खरं तर दोऱ्याची गरज उरली नव्हती. काकांचे वडील शिशाचे खिळे जुळवत, तेव्हाचा तो दोरा. आता ओळी संगणकावर जुळत. प्रत्येक ओळीत बरोबरच्या चिन्हाआधी एक खूण टाकायची. यंत्रणा सगळ्या खुणा एका उभ्या रेषेत आणून ठेवते, केसाइतकाही फरक पडत नाही. तरी काका दोरा धरत आणि बाकीचे हातातलं काम थांबवून बघत.

गणिताची पानं जुळवणाऱ्या बाईला कार्यालयात बरोबरताई म्हणत. हे नाव मास्तरांनी ठेवलेलं. मास्तर शाळेतून निवृत्त होऊन इथे मुद्रितं तपासायला येत. "नवऱ्याशी भांडतानासुद्धा आधी दोन्ही बाजू मांडत असेल आणि मग मधे चिन्ह टाकत असेल," असं ते म्हणत. घरी ती वहिनी होती. घरात नवरा, ती, आणि नवऱ्याची धाकटी बहीण. या बहिणीला लहानपणापासून धाकटीच म्हणत. तिशी उलटली तरी नाव बदललं नाही. धाकटी मोठ्या हॉस्पिटलात लहान मुलांच्या वॉर्डात सिस्टर होती.

ते पुस्तक घरात आलं ते तिच्यामुळेच. वॉर्डाच्या मोठ्या डॉक्टरांना सिस्टरांसाठी खिशात मावेल असं एक पुस्तक हवं होतं. कुठलं औषध, मुलाच्या वजनाप्रमाणे किती, ड्रिप ताशी किती वेगाने, हे सगळं उदाहरणांसकट. धाकटी म्हणाली, "माझी वहिनी हेच काम करते." डॉक्टरांनी हाताने लिहिलेले कागद दिले, वहिनीने ते जुळवले, मास्तरांनी तपासले, काकांनी दोरा धरला, डॉक्टरांनी शेवटच्या मुद्रितावर सही केली आणि बाजूला लिहिलं, "सुरेख." पुस्तक छापून आलं तेव्हा धाकटीने ते जेवणाच्या टेबलावर पाण्याच्या जगला टेकवून उभं केलं आणि तीन माणसांचं जेवण त्याच्या साक्षीने झालं.

मग एका दुपारी धाकटी ड्यूटी संपायच्या आधीच घरी आली. चपला न काढता ती खुर्चीत बसली. वहिनी त्या दिवशी बरं नाही म्हणून घरीच होती. तिने पाणी दिलं. धाकटीने ते हातात धरून ठेवलं.

"माझ्या हातून झालं," ती म्हणाली. "मुलगी आहे, बारा किलोची. ड्रिप पहिला अर्धा तास हळू द्यायची असते. मी पहिल्यापासूनच जोरात लावली."

"आता कशी आहे?"

"काचेच्या खोलीत. नळ्या लावल्यात. ओठ निळे पडले होते, वहिनी. तिची आई माझ्याकडे बघत होती. तिला वाटत होतं, मी काहीतरी करतेय."

हॉस्पिटलाने चौकशी लावली. पंपावर नोंद होती: पहिल्यापासून ताशी चोवीस. हवे होते सहा. यात वादाला जागा नव्हती. धाकटीला सक्तीच्या रजेवर पाठवलं आणि वॉर्डातल्या कुणाशी या विषयावर बोलू नको असं बजावलं.

त्यानंतरच्या संध्याकाळी घरात एकच संभाषण पुन्हा पुन्हा होत राहिलं, थोडे शब्द बदलून.

"घाईत होतीस का तू?" नवरा विचारी. तो चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर काढत असे. सावकाश, तेच ते विचारायची त्याला सवय होती.

"दादा, घाई रोजचीच असते."

"मग दुसरीकडे लक्ष होतं?"

"नव्हतं. मी पुस्तक उघडून, बघून लावलं. निदान मला तसं आठवतंय. डॉक्टर म्हणाले, पुस्तकात तर सहा आहे, तू वाचलंस काय? त्यांनीच लिहिलंय ते, त्यांना माहीत असणार. म्हणजे मी बघितलंच नसेन. मला वाटतंय फक्त, की बघितलं."

"पुस्तक बघ ना परत."

"नको."

पुस्तक तिने कपाटावर टाकलं होतं, पाठ वर करून. ते उघडायची तिला भीती वाटत होती. सहा दिसले तर आपल्या डोळ्यांवरचा विश्वास उडेल, आणि डोळ्यांवर विश्वास नसलेल्या बाईने मुलांना सुई टोचायची नसते, एवढं तिला कळत होतं.

एका संध्याकाळी, धाकटी आपल्या खोलीत गेल्यावर, वहिनीने स्टुलावर चढून पुस्तक काढलं. तिच्या मनात एवढंच होतं की कुठे सहाचा आकडा फिकट छापला गेला नाही ना, ते बघावं. पान सापडलं.

द₁ = ०.५ × व
  = ०.५ × १२
  = ६
  = २ × व
  = २ × १२
  = २४

पान देखणं होतं. तिने नकळत बोट दोऱ्यासारखं उभं धरलं. सहाच्या सहा चिन्हं बोटाखाली. आकडे तपासले: मूळ कागदावर होते तेच, ठसठशीत छापलेले. तिला हायसं वाटलं. व म्हणजे वजन, द म्हणजे ड्रिपचा दर, सहा म्हणजे सहा. पुस्तकात सहा होते.

ती पुस्तक मिटणार, तेवढ्यात ओळींखालचं वाक्य तिने वाचलं. "पहिला अर्धा तास द₁ या दराने, त्यानंतर द₂ या दराने." वाक्यही ठीक होतं. तिने सवयीने वर बघितलं, द₂ कुठे आहे ते.

द₂ कुठेच नव्हतं.

तिने पुन्हा बघितलं, आता वरून खाली, एकेक ओळ. चौथ्या ओळीत, चिन्हाच्या डावीकडे, जिथे द₂ असायला हवं होतं, तिथे कोरी जागा होती. दोन वेगळे हिशेब एकाच रांगेत उभे होते. पहिल्याचं नाव वर लिहिलेलं, दुसऱ्याचं कुठेच नाही, आणि रांग इतकी सरळ की तिथे जोड आहे हे डोळ्याला लागतच नव्हतं.

नवरा बाहेरच्या खोलीत होता. तिने पान त्याच्यापुढे धरलं.

"यात द एक किती आहे, सांग."

"कुणाला विचारतेयस? गणितात मला बाई वर्गाबाहेरच ठेवायच्या."

"बघून सांग रे."

त्याने बघितलं. दोन श्वासही लागले नाहीत. "चोवीस."

"कशावरून?"

"शेवटी उत्तर असतं ना. शाळेत असंच असायचं. वर कायपण चालू दे, शेवटची ओळ बघायची." मग त्याने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. "काय झालं?"

"काही नाही. उद्या सांगते."

धाकटीच्या दाराखाली उजेड होता. वहिनी दारापर्यंत गेली. हात वर केला, दारावर ठेवला नाही. आधी मूळ कागद बघू, ती स्वतःला म्हणाली. डॉक्टरांनीच द₂ लिहिलं नसेल तर? हे पटण्यासारखं होतं, आणि त्याच्या आधाराने ती जाऊन आडवी झाली.

सकाळी कार्यालय उघडलं तेव्हा ती दारातच उभी होती. डॉक्टरांच्या कागदांची फाइल मागच्या फळीवर होती. कागद सापडला. चौथ्या ओळीच्या सुरुवातीला द₂ होतं. नुसतं नव्हतं, डॉक्टरांनी त्याच्याभोवती गोल केला होता आणि बाण काढून शेजारी लिहिलं होतं, "अर्ध्या तासानंतर."

मग तिला सगळं आठवलं, आणि ते आठवणं फारसं अवघड नव्हतं, कारण त्यात चूक म्हणावं असं काही तिने केलंच नव्हतं. "अर्ध्या तासानंतर" हे शब्द मधे टाकले की रांगेचे दोन तुकडे पडत होते आणि खालचा तुकडा जरासा डावीकडे सरकत होता. रांग न मोडता मधे शब्द घालायची सोय यंत्रणेत आहे. तिने ती वापरूनही बघितली होती. पण पान खिशाएवढं, एक ओळ वाढली की शेवटची ओळ पुढच्या पानावर जाई. म्हणून तिने शब्द मधून काढले आणि त्यांचं एक नीट वाक्य करून खाली ठेवलं. सहा ओळींची एक रांग झाली.

पुढचं काम तिच्या मॅक्रोने केलं. मॅक्रो म्हणजे तिने स्वतःसाठी लिहून ठेवलेल्या आज्ञांची साखळी, एका कळीवर चालणारी. ती प्रत्येक ओळीत बरोबरचं चिन्ह शोधे, त्याच्याआधी खूण टाके, आणि डावी बाजू वरच्या ओळीसारखीच असेल तर ती पुसून टाके. तेच ते अक्षर पुन्हा पुन्हा छापायचं नाही ही कार्यालयाची शिस्त होती. आधीच्या एका जाडजूड पुस्तकात लेखकाने अक्षराखालचे बारीक आकडे वाटेल तसे घातले होते. तेव्हा वैतागून तिने मॅक्रोला सांगून ठेवलं होतं की डावी बाजू ताडून बघताना खालचे आकडे मोजू नकोस. ते पुस्तक संपलं. सांगितलेलं तसंच राहिलं. मॅक्रोला द₁ आणि द₂ एकच दिसले.

मास्तर आले. तिने कागद आणि पान शेजारी ठेवले आणि चौथ्या ओळीवर बोट ठेवलं.

मास्तरांना कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला. "मी पट्टी लावून वाचलं होतं," ते म्हणाले. "उजवीकडचा आकडा न् आकडा. डावीकडे कोरं होतं. कोऱ्यात काय वाचणार, ताई?"

"आणि खालचं वाक्य?"

"वाक्य वाक्यासारखं वाचलं. वर जाऊन बघितलं नाही." ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "तुझी नणंद ना ती? त्या मुलीची सिस्टर?"

"हो."

काका आले ते नेहमीसारखे गुणगुणत. त्यांच्यापुढे पान ठेवल्यावर त्यांनी आधी खण उघडला, दोरा काढला, पानावर धरला, डोळा मिटला. "दोऱ्यात आहे," ते म्हणाले. "काय बघायचंय?"

मास्तर म्हणाले, "काका, दोरा बाजूला ठेवा."

सगळं ऐकून घेतल्यावर काका उठून काचेचं दार लावून आले. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर वहिनीला बरं वाटलं असतं.

"पुस्तक किती वॉर्डांत गेलंय?"

"सगळ्यांत. मुलांचे वॉर्ड आहेत तेवढ्यांत."

"डॉक्टरांची सही आहे आपल्याकडे."

"आहे."

"मग ऐक. तू आत्ता पान दुरुस्त कर. मी नवं पुस्तक छापून घेतो, आपल्या खर्चाने. सुधारित आवृत्ती म्हणून पाठवू, जुनी परत मागवू. दोन-तीन दिवसांत होईल. कारण कुणी विचारणार नाही."

"आणि धाकटी?"

काकांनी दोरा बोटाभोवती गुंडाळायला घेतला. "तिचं वाईट वाटतं मला. खरंच वाटतं. पण तू तिथे जाऊन 'माझी चूक' म्हणालीस की उद्या आपल्याकडे कोण काम देईल? तू दुसरीकडे जाशील, तुझा हात चांगला आहे. मास्तर या वयात कुठे जातील?"

"माझं नाव पुढे करू नका," मास्तर म्हणाले.

"मी उदाहरण दिलं."

"उदाहरणातही नको."

"काका, दोन-तीन दिवस ते पुस्तक वापरात राहील," वहिनी म्हणाली.

"आता तिथे सगळे सावध झाले असतील."

"माणसं झाली असतील. पान तसंच आहे."

"संध्याकाळपर्यंत थांब. वकिलांना विचारतो. संध्याकाळ म्हणजे काही वर्ष नव्हे." त्यांचा आवाज पहिल्यांदाच चिरकला. "मी नाही म्हणत नाहीये गं. थांब म्हणतोय."

ती आपल्या जागेवर जाऊन बसली. फाइल उघडली. मॅक्रो बंद करून तिने चौथ्या ओळीच्या डावीकडे हाताने द₂ घातलं. एका अक्षराचं काम. मग "अर्ध्या तासानंतर" हे शब्द मधे परत आणले. शेवटची ओळ पुढच्या पानावर गेली, म्हणून तिने दुसरा हिशेबच अख्खा पुढच्या पानावर नेला. दोन पानं आता एकमेकांशी जुळत नव्हती. एक अर्धं रिकामं, एक भरलेलं. दिसायला वाईट. वाचायला अशी की चुकू म्हटलं तरी चुकता आलं नसतं.

वकिलांचा फोन लागत नव्हता. काका काचेमागे फोन कानाला लावून फेऱ्या मारत होते. वहिनीने दुरुस्त पानाचा छापलेला कागद आणि डॉक्टरांचा मूळ कागद घेतला, पिशवीत घातला आणि पिशवी खांद्याला लावली. मास्तरांनी मान वर केली नाही. काकांनी केली. काचेतून दोघांची नजरानजर झाली. काका दार उघडतील असं तिला वाटलं. त्यांनी उघडलं नाही. दोरा बोटाला इतका घट्ट बसला होता की बोटाचं टोक पांढरं पडलं होतं.

घरी धाकटी इस्त्री करत होती. पांढरा गणवेश. तो कधी घालायचा, घालायचा की नाही, हे कुणी सांगितलं नव्हतं. तरी ती बाहीची घडी अगदी नीट दाबत होती.

"लवकर आलीस?"

"इस्त्री बंद कर."

"का?"

"कर."

वहिनीने टेबलावर तीन वस्तू ओळीने ठेवल्या: त्या पानावर उघडलेलं पुस्तक, डॉक्टरांचा कागद, सकाळी दुरुस्त केलेला कागद. मग सांगायला लागली. मॅक्रो, रांग, खाली गेलेलं वाक्य. तिने मधे कुठे 'पण' घातलं नाही. धाकटी उभ्यानेच ऐकत होती. ऐकता ऐकता तिने पुस्तक उचललं, आणि त्या दिवसानंतर पहिल्यांदाच ते पान बघितलं.

"चोवीस आहे," ती म्हणाली. आणि परत, "आहे. चोवीस आहे."

"हो."

"मी बघितलं होतं."

"बघितलं होतंस."

धाकटी खाली बसली. तिच्या चेहऱ्यावर सुटका दिसेल असं वहिनीला वाटलं होतं, निदान राग तरी. दोन्ही नव्हतं. ती पानाकडे बघत राहिली, एखाद्या ओळखीच्या माणसाकडे बघावं तशी.

"पण वर सहा पण आहे," ती म्हणाली. "तिसऱ्या ओळीत. सहा आणि लगेच खाली दोन गुणिले व. असं कसं असेल, हे मला वाटायला हवं होतं."

"डॉक्टरांना वाटलं नाही. मास्तरांना नाही. मला नाही."

"तुमच्यापैकी कुणाच्या हातात पंप नव्हता." मग तिने मान वर केली. "कधी कळलं तुला?"

"सकाळी. कागद बघितल्यावर."

"आणि कागद कशाला बघायला गेलीस?"

वहिनीने डॉक्टरांचा कागद सरळ केला.

"काल दारापाशी आली होतीस. पावलं ऐकली मी. म्हणजे काल संध्याकाळी माहीत होतं."

"संशय होता."

"संशय." धाकटी उठली. "माझं जाऊ दे. काल संध्याकाळपासून ते पुस्तक प्रत्येक वॉर्डात ट्रॉलीला लटकतंय, वहिनी. दोरी लावून. मीच लावली होती दोरी, हरवू नये म्हणून."

तिने फोन घेतला आणि वॉर्डाचा नंबर लावला. आवाज मोठा केला, म्हणजे वहिनीलाही ऐकू येईल. पलीकडे मोठ्या सिस्टर होत्या, वॉर्डात सगळ्यांत जुन्या.

"सिस्टर, मी बोलतेय. पुस्तकाचं पान तेवीस काढा. त्यात—"

"बाळा, तुझ्याशी या विषयावर बोलायचं नाही असं वरून सांगितलंय."

"माझा विषय नाही. पुस्तक चुकलंय."

पलीकडचा आवाज अगदी मऊ झाला, आणि तो मऊपणाच वाईट होता. "हे बघ, तुझ्या मनाची अवस्था समजते मला. पण आता पुस्तकावर ढकलू नकोस. चौकशीत वाईट दिसेल. तुझ्या भल्याचं सांगते, ठेव फोन."

"सिस्टर, ठेवू नका!"

वहिनीने हात पुढे केला. धाकटीने क्षणभर फोन घट्ट धरला, मग दिला.

"नमस्कार. मी तिची वहिनी बोलतेय."

"अहो, घरच्यांनी मधे पडू नका. आम्हाला काय, तिची काळजी नाही का?"

वहिनीच्या लक्षात आलं की ती चुकीच्या बाजूने सुरू झाली होती. वहिनी म्हणून ती जे बोलेल ते घरच्यांची गयावया होणार. दुसरी बाजू, कार्यालयाची, तिच्याकडे होती, पण ती तिच्या एकटीची नव्हती. तिला काकांचं बोट आठवलं.

"ते पुस्तक मी जुळवलं आहे," ती म्हणाली. "छापण्याआधी. पान तेवीसवर चूक आहे आणि ती माझी आहे. मूळ कागद माझ्यासमोर आहे."

"तुम्ही कोण म्हणालात?"

वहिनीने आपलं पूर्ण नाव सांगितलं. मग कार्यालयाचं नाव सांगितलं, पत्त्यासकट. पलीकडे पेन कागदावर चालल्याचा आवाज आला. तो थांबेपर्यंत ती थांबली.

"बोला."

ती बोलली. मोठ्या सिस्टरांनी मधेच तोडलं. "थांबा. थांबा जरा. नऊ नंबरला आत्ताच हीच ड्रिप लावलीय."

फोन टेबलावर आपटल्याचा आवाज. चपलांचा आवाज दूर जात गेला. मग वॉर्डाचे आवाज: कुणाचं तरी रडणं, चाकांची कुरकुर, कुठेतरी ठरावीक वेळाने वाजणारी घंटी. धाकटीने तो आवाज ओळखला. तिची बोटं त्याच्या तालावर टेबलाच्या कडेला टेकत होती. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या.

चपला परत आल्या. "हळूच आहे," मोठ्या सिस्टर धापा टाकत म्हणाल्या. "डॉक्टरांना विचारून लावली होती. त्या दिवसापासून सगळ्या विचारूनच लावतात."

धाकटीने डोळे मिटले.

"आता काय करू? सांगा," पलीकडून आवाज आला. तो आता वेगळाच आवाज होता, हुकूम घेणाऱ्या माणसाचा.

"पेन घ्या. चौथी ओळ. बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे कोरी जागा आहे."

"आहे."

"तिथे द काढा. खाली लहान दोन. आणि त्या ओळीच्या वर लिहा, अर्ध्या तासानंतर."

"जागा नाहीये वर."

"तिसऱ्या आणि चौथ्या ओळीच्या मधे घुसवा."

पेन चाललं. "लिहिलं. वाकडं आलंय. ओळीच्या बाहेर गेलंय. चालेल?"

"चालेल," वहिनी म्हणाली.

"दुसऱ्या ट्रॉलीवरचं पण करते. बाकीच्या वॉर्डांना तुम्हीच सांगा, मी सांगून ते ऐकायचे नाहीत. आणि बाई, हे तुम्हाला वर परत सांगावं लागेल. लेखी."

"सांगेन."

फोन ठेवायच्या आत धाकटी पुढे वाकली. "सिस्टर, ती कशी आहे?"

"तुला सांगायचं नाहीये मला." मग हळूच, "डोळे उघडलेत सकाळी. आईला ओळखते. उजवा हात अजून उचलत नाही. बघू म्हणतात."

फोन बंद झाला. वहिनीला वाटलं, हे आधी आपण विचारायला हवं होतं, चौथ्या ओळीच्याही आधी. तिने तसं म्हटलं नाही. धाकटीने आपल्या पुस्तकाचं तेविसावं पान सपाट केलं, पेन घेतलं आणि कोऱ्या जागेत द₂ लिहिलं. तिचं अक्षर सुंदर होतं, पण या वेळी ते ओळीखाली उतरलं.

मग वहिनीचा फोन वाजला. काकांचं नाव. दोघींनी ते बघितलं. वाजून वाजून तो थांबला, आणि लगेच परत वाजू लागला.

"तापाच्या वॉर्डाचा नंबर सांग," वहिनी म्हणाली. "घरच्या फोनवरून लावते."

धाकटीने नंबर लावून दिला. घंटा जात होती. "वहिनी म्हणून सुरू करू नकोस," ती म्हणाली. "आधी नाव सांग. पूर्ण."